ते कौल आणि तो कौल

मालवणी मुलखात कौल हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एक घरावर आणि एक देवळात. घरावरचे ते कौल. मातीचे, भाजलेले, तांबडे. देवळातला तो कौल. देवाला कळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि कुठली कळी पडते ते बघत बसायचे. उजवा कौल म्हणजे देव हो म्हणाला. डावा म्हणजे नाही.

तिसरा एक कौल जुन्या दप्तरात सापडतो. तो अरबीतून आला. शब्द देणे, कबूल करणे, असा त्याचा अर्थ. पडीक जमीन लागवडीला आणायची तर सरकार रयतेला कौल द्यायचे, त्याचा कागद म्हणजे कौलनामा. इतकी वर्षे सारा कमी, मग पुढे पुरा, अशी बोली त्यात असायची.

व्याकरण म्हणेल, हे शब्द वेगळे, लिंग वेगळे, मूळही वेगळे. असेल. पण आमच्या माणसाच्या घरावर ते कौल चढायचे तर आधी तो कौल मिळावा लागायचा. देवाचा, गावाचा, खोताचा, पुढे सरकारचा. किल्ल्यांचा इतिहास पुष्कळ लिहून झाला. मालवणच्या बंदरातून समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली त्याचे काम सुरू झाले हे शाळेतले पोरही सांगते. पण त्या किल्ल्याचे दगड ज्यांनी वाहिले ते रात्री कशाखाली झोपले, हे कुठल्या बखरीत आहे? छपराचा इतिहास लिहायला बसले की माणसाला कुठे राहू दिले आणि किती दिवस राहू दिले, हेच लिहावे लागते. म्हणून हा लेख.

१. वाळूवरचे घर

आधी जागा समजून घेऊ. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि तिच्या पुढे देवबाग. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावर माड, माडांत घरे. टोकाला गेले की नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे भोगवे दिसते. इथे पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा डोंगर-झाडी न लागता थेट घरावर येतो. समुद्र दरसाल किनारा खातो. खारी हवा लोखंड खाते. अशा जागी घराचा खरा जीव छपरात असतो. भिंत थोडी ओली झाली तर चालते. छप्पर गेले की चूल विझते आणि भात भिजते.

या किनाऱ्यावर छपराचे ढोबळ तीन प्रकार होते. पहिले झापाचे. माडाचे चुडत उभे चिरायचे, पाने एकात एक विणायची, ती झापे वळचणीपासून वर आढ्यापर्यंत एकावर एक बांधत न्यायची. बांधायला सुंभ. आत शेतीच्या गावांत झापाऐवजी गवत नाहीतर भाताचा पेंढा. पैसा लागत नाही, मेहनत लागते. पण हे छप्पर एक पावसाळा, फार तर दोन काढते. मग पुन्हा नवे. म्हणून मे महिना आला की "पावस तोंडार इलो, घर शाकारूक होया" ही घाई. आगोटीची कामे पुष्कळ, त्यात शाकारणी पहिली. बाया महिनाभर आधीपासून झापे विणत बसायच्या.

दुसरे नळ्यांचे. कुंभार चाकावर मातीची नळी काढायचा, ती उभी कापून तिचे दोन नळे करायचा आणि भाजायचा. एक उताणा, एक पालथा, अशा ओळी. दिसायला सुरेख. पण नळे हलके. वाऱ्याने सरकतात, माकड-मांजर धावले की फुटतात. त्यामुळे दरसाल चाळावे लागतात. तिसरे मंगळुरी कौल. ते यंत्राच्या दाबाने साच्यात काढलेले असते. बाजूला खाच आणि मागे नाक. नाक रिपेला अडकते आणि खाच शेजारच्या कौलात बसते. नीट बसवले तर माणसाचे आयुष्य काढते.

या तिघांची किंमत नुसती पैशात मोजू नका. झापाचे घर म्हणजे दरसाल नव्याने उभारायचे घर. कौलाचे घर म्हणजे एकदा उभारून मुलाला द्यायचे घर. ज्याने माणसाला दरसाल उठवता येईल असे ठेवायचे ठरवले, त्याला कोणते छप्पर आवडणार?

२. कौल चढवणे हा गुन्हा

बाबासाहेबांनी अस्पृश्यांवर लिहिलेल्या एका इंग्रजी प्रकरणात गावाच्या अलिखित कायद्याची कलमे मांडली आहेत. ते लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. सरकारने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात १९८९ साली ते आले. अस्पृश्याने काय केले म्हणजे गावाच्या लेखी गुन्हा होतो, त्याची ती यादी. जमीन-गुरे कमावणे गुन्हा. स्वच्छ कपडे, जोडे, घड्याळ, सोन्याचा दागिना गुन्हा. खुर्चीवर बसणे गुन्हा. घोड्यावरून, पालखीतून जाणे गुन्हा. आणि त्याच ओळीत, घरावर कौले चढवणे हाही गुन्हा.

वाचताना पुष्कळांचे लक्ष घोडा-पालखीवर थांबते. वरातीची भांडणे वर्तमानपत्रात येतात, म्हणून असेल. कौलाच्या कलमावरून नजर सरकते. पण नीट विचार करा. घोडा एका दिवसाचा. दागिना पेटीत ठेवता येतो. कौल मात्र बाराही महिने उन्हात लाल दिसते. दुरून येणाऱ्याला दिसते की इथे एक कायमचा माणूस राहतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तो लाल रंग दिसणे हेच गावाला सोसत नव्हते.

हे एकट्या महाराष्ट्रातले नाही. आपल्याच किनाऱ्याने दक्षिणेला मलबारात जा. विल्यम लोगन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८८७ साली मलबारवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने नोंदवले आहे की घराला काय म्हणायचे ते राहणाऱ्याच्या जातीवर ठरते. शेतगुलाम चेरुमन राहतो ती 'चाळा'. सुतार, लोहार, ताडी काढणारा तिय्यन राहतो ती 'पुरा' नाहीतर 'कुडी'. नायराचे 'वीडु'. राजाचे 'कोविलकम'. नंबुद्री ब्राह्मणाचे 'इल्लम'. म्हणजे चार भिंती आणि छप्पर सगळ्यांचे, पण 'घर' हा एक शब्द सगळ्यांना मिळून वापरायची सोय नाही. आपल्याकडे तरी काय? कुणाचा वाडा, कुणाचे घर, कुणाची खोप, कुणाचे खोपट. आणि खोपटांच्या वस्तीला पुन्हा वाडाच म्हणायचे, पण पुढे जात लावून. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा.

लाकडाचेही तेच. कौलाचे छप्पर जड. त्याला चांगले वासे लागतात, तुळई लागते. साग, ऐन, किंजळ, फणस यांतले काहीतरी हवे. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आहे, १७१५ च्या सुमाराचे. आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, असा हुकूम त्यात आहे. झाड रयतेने लेकरासारखे वाढवलेले असते, असा त्याचा भाव. हुकूम चांगला आहे, आम्ही नाही म्हणत नाही. पण त्याचा फायदा ज्याच्या परड्यात झाड आहे त्याला. ज्याला परडेच नाही त्याच्या कुठल्या झाडाला अभय द्यायचे?

३. छपराखालची जमीन

आता मुळाशी जाऊ. छप्पर वर असते पण त्याचा निकाल खाली लागतो, जमिनीत. जागा दुसऱ्याची असेल तर तिच्यावर कोण पक्के बांधील?

रत्नागिरी जिल्ह्याच्या पुष्कळ गावांत खोती होती. मालवण तालुका तेव्हा रत्नागिरीतच होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला सारा गोळा करणारा. पण गावात तोच मालक झाला. त्याला भाताचा वाटा हवा, त्याच्याकडे वेठ हवी, आणि बोलण्यात अदब हवी. कुळाचे खोपटे त्याच्या जमिनीवर. महाराचे खोपटे गावाने दिलेल्या तुकड्यावर, तेही गावकीची कामे केली तर. सांगावा न्यायचा, ओझे न्यायचे, मेलेले ओढायचे. एक दिवस नाही म्हटले की जागा सोड. अशा माणसाने हजार कौले विकत घेऊन कुणाच्या जमिनीवर ठेवायची? उठवले तर कौले पाठीवर घेऊन जायची?

म्हणून १७ सप्टेंबर १९३७ हा दिवस छपराच्या इतिहासातला मोठा दिवस. त्या दिवशी बाबासाहेबांनी मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करण्याचे बिल आणले. पाठोपाठ जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. त्यात कोकणातला कुणबी होता, आगरी होता, महार होता. अलिबागेजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत म्हणून संप धरला होता. सहा वर्षे त्यांनी जमिनी पडीक ठेवल्या आणि उपास काढले. ते बिल मात्र त्या सरकारने पास होऊ दिले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. बारा वर्षांनी.

आणखी एक कायदा आहे. त्याकडे आपल्यातल्या शिकलेल्यांचेही लक्ष जात नाही. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा. सगळ्यांना तो 'कसेल त्याची जमीन' म्हणून ठाऊक. १ एप्रिल १९५७ चा कृषिदिन ठाऊक. पण त्याच कायद्यातले १६ वे कलम वाचा. मालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधले असेल तर त्याला त्या घरातून काढता येणार नाही. १७ वे कलम सांगते, मालकाने ती जागा विकायला काढली तर पहिला हक्क घरवाल्याचा. आणि १८ वे कलम हाच आधार शेतमजुराला आणि कारागिराला देते. म्हणजे ज्याच्या नावे कुळाची नोंद नाही, जो नुसता राबला, त्यालाही.

ही तीन कलमे म्हणजे आमच्या कौलांखालची पहिली कायदेशीर तुळई. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने गेली, महारकी कायद्याने संपली. राबायचे बंधन गेले, त्याबरोबर जागा सोड म्हणणाऱ्याचा आधारही गेला. कागदावर तरी.

कागदावर तरी, असे म्हणतो, कारण कलम वापरायला पुरावा लागतो. आपल्या बापाने खोपटे बांधले त्याची पावती कुणी दिली होती? गवत रानातले, माती ओढ्याची, मेहनत घरची. स्वतःच्या खर्चाने बांधले हे सिद्ध करायला ज्याचा खर्च पैशातच नव्हता, तो काय दाखवणार? कौलांची पावती तरी मिळते. हा कौलाचा आणखी एक गुण.

४. कौल कुणाच्या हातचे

ज्या मंगळुरी कौलाने कोकणातल्या वाड्यांचा तोरा वाढला त्याची जन्मकथा बघा. बाजूला खाच असलेले, एकमेकांत अडकणारे कौल फ्रान्समध्ये निघाले. आल्सास भागातल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली त्याचे पेटंट घेतले. मंगळूरला ते आणले बासेल मिशनने. स्वित्झर्लंडमधली ही मिशनरी संस्था १८३४ पासून तिथे होती. गिऑर्ग प्लेब्स्ट या मिशनऱ्याने १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीच्या काठची चिकणमाती चांगली होती, लाकूड होते आणि माल न्यायला समुद्र होता. तिथून ही कौले गलबतांतून किनाऱ्याने वर आली, बंदरा-बंदरावर उतरली.

मिशनने धर्म सोडून कारखाना का काढला? कारण धर्म बदललेल्या माणसाला गावाने वाळीत टाकले. त्याची जमीन गेली, धंदा गेला, घरही गेले. त्यात ताडी काढणाऱ्या बिल्लवांची संख्या मोठी होती. त्यांना काम द्यायचे म्हणून आधी विणकाम, मग कौले. म्हणजे घरातून हाकललेल्या माणसांनी देशभरच्या घरांची छपरे केली. त्यांचे हात त्या मातीला लागले. तीच कौले वाड्यावर चढली, देवळांवर चढली. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरावर चढली. तेव्हा विटाळ झाला नाही. भट्टीत विटाळ जळतो म्हणावे, तर मग आमच्या हाताचे भाजलेले मडके का चालत नव्हते?

मिशनचे पुण्य गायचा इथे हेतू नाही. त्यांचा धर्मप्रसार त्यांच्यापाशी. मुद्दा एवढाच की कौल हे हातांचे काम आहे आणि ते हात कुणाचे, हे छपराखाली बसून सुपारी कातरणाऱ्याने कधी विचारले नाही. कोकणात आमची माणसे बांबूची आयदाने विणत आली. सूप, टोपली, रोवळी. उर्मिला पवारांनी आपल्या आत्मकथनाला २००३ साली 'आयदान' हेच नाव दिले. गावातल्या प्रत्येक घरचे भात आमच्या टोपलीत मावले. आमचे स्वतःचे भात भिजत राहिले.

मग आमच्या घरावर कौले आली कशी? बहुतेक करून मुंबईच्या मनीऑर्डरीने. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, पलटणीत. एक माणूस चाळीतल्या खोलीत दहा-बारा जणांत झोपायचा आणि गावाला छप्पर पाठवायचा. कौले एकदम येत नसत. यंदा पुढच्या पाख्याची, दोन वर्षांनी मागच्या. अर्ध्या घरावर कौल आणि अर्ध्यावर झाप अशी घरे कोकणात म्हाताऱ्या माणसांनी पाहिली आहेत. त्या अर्ध्या-अर्ध्या छपराकडे बघून गरिबी म्हणू नका. ती लढाईच्या मधली रेषा होती. इथवर आम्ही आलो, एवढे राहिले, असे ती सांगायची.

५. गवत जळते

कौल का हवे, याचे एक कारण पावसाचे नाही. गवत जळते.

तामिळनाडूत तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात किळवेणमणी नावाचे गाव. शेतमजुरांनी मजुरी वाढवून मागितली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री जमीनदारांची माणसे आली. बाया, पोरे, म्हातारी जीव वाचवायला एका झोपडीत शिरली. झोपडी पेटवली. ४४ माणसे जळाली. पुढे हायकोर्टाने जमीनदारांना सोडून दिले. तारीख ध्यानात ठेवा. २५ डिसेंबर. १९२७ साली त्याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली होती. आम्ही जाळले ते पुस्तक. त्यांनी जाळली ती माणसे.

आपल्या घरात या. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. मागोमाग मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळेला ठार मारले. घरे जाळली, धान्य जाळले, विहिरींत घाण टाकली. विद्यापीठाचे नाव १४ जानेवारी १९९४ ला बदलले. जळलेल्या छपरांनी सोळा वर्षे वाट बघितली.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा वाचलात तर त्यात घराचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. दलिताला घर सोडायला, गाव सोडायला भाग पाडणे हा गुन्हा. त्याचे राहते घर आगीने नष्ट केले तर मोठी शिक्षा. कायदा करणाऱ्यांना हे कलम का घालावे लागले? कारण आधी पुरेशी छपरे जळली होती. जुन्या गावकायद्यात कौल चढवणे गुन्हा होता. नव्या कायद्यात छप्पर पेटवणे गुन्हा आहे. या दोन वाक्यांमधले अंतर तोडायला केवढी माणसे गेली, त्याचा हिशेब इतिहासाने ठेवला नाही.

६. देवाचा कौल नको

कोकणात कौलाशिवाय पान हलत नाही, असे म्हणतात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा एवढी मोठी, पण तिची तारीख पंचांगात नसते. देवीच्या कौलाने ठरते. घर बांधायचे, विहीर खणायची, सोयरीक जमवायची, तरी कौल. गावचा देव, गावचे मानकरी, त्यांची राहाटी. आमच्या माणसालाही त्यात मान होता म्हणतात. होता. बाहेर उभे राहायचा मान.

मालवण तालुक्यात आचऱ्याला, चिंदरला गावपळण असते. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातो. तीन दिवस तीन रात्री माणसे रानात झापांच्या खोपी घालून राहतात. गाणी होतात, फुगड्या होतात, एकत्र जेवणे होतात. वर्तमानपत्रांत फोटो येतात. मग पुन्हा कौल होतो आणि गाव घरी परततो.

परंपरा बघायला मजेची आहे, यात शंका नाही. पण आमच्या मनात एक साधा हिशेब येतो. वेशीबाहेर झापाखाली तीन दिवस राहणे हा उत्सव. वेशीबाहेर झापाखाली हजार वर्षे राहणे ही जात. त्यांना परत यायचा कौल चौथ्या दिवशी मिळतो. आम्हाला कुठल्या देवाने कौल दिला?

देवाने दिला नाही, म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला त्याचा निरोप घेतला. कोकणात गावोगाव बौद्ध झालेल्या लोकांनी घरातले टाक-देव नदीत, समुद्रात सोडले. त्या दिवसापासून घर बांधताना, छप्पर बदलताना कळ्या लावून बसायचे कारण उरले नाही. घर शाकारायचे ते आपल्या सोयीने, पावसाच्या आधी. एवढे साधे स्वातंत्र्य मिळवायला केवढा मोठा धर्म सोडावा लागला.

७. जुने छप्पर उतरवताना

आता आजचे. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले. मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात माड पडले, विजेचे खांब पडले. कौले पत्त्यांसारखी उडाली आणि पत्रे दुसऱ्याच्या बागेत जाऊन पडले. मिरगाला तीन आठवडे राहिले होते. सगळा किनारा एकदम छप्पर शोधायला लागला.

वादळाला जात नसते, असे व्यासपीठावर बोलतात. पंचनाम्याला असते. केंद्राच्या २०१५ च्या मदतीच्या निकषांत सपाट प्रदेशातल्या पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० रुपये होते आणि झोपडीला ४,१०० रुपये. पुढे दर वाढले, पण घर आणि झोपडी ही दरी राहिली. आता मागचा सगळा इतिहास इथे आणून ठेवा. ज्याला शतकानुशतके पक्के बांधू दिले नाही, त्याचे नुकसानही कच्चे ठरले. गावाने झोपडीत ठेवले. सरकारने ती झोपडी म्हणून मोजली.

दुसरी गंमत. देवबाग-तारकर्लीला आता पर्यटक येतात. जुनी कौलारू घरे पाडून स्लॅब पडतात आणि उतरवलेली कौले 'कोकणी' थाटासाठी रिसॉर्टवाले विकत नेतात. किनाऱ्यावर झापाच्या छपराच्या खोपी उभ्या राहतात, आत गार हवेचे यंत्र. रात्रीचे भाडे हजारांत. ज्या झापाखाली राहतो म्हणून आमच्या आजीला पाणी वरून घालत होते, त्याच झापाखाली झोपायला मुंबईचा साहेब पैसे मोजतो. कुणी पैसे मिळवू नयेत असे नाही. आमच्या पोरांनीही मिळवावेत. पण तो थाट बघताना झापाचा इतिहासही माहीत असावा.

मग आपले जुने छप्पर बदलायचे तर काय करावे? पत्रा स्वस्त आणि झटपट, पण खाऱ्या हवेत लवकर गंजतो आणि उन्हात घर तापते. स्लॅबमधल्या सळ्यांनाही हीच हवा लागते. वाळू खारी असेल तर आणखी लवकर. कौल या जागेला सोसते. म्हणून जुने कौल फेकू नका. आधी आढ्यावरचे कोने काढा. मग एक-एक ओळ हातोहात खाली घ्या. प्रत्येक कौल बोटाने वाजवून बघा. खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर आत तडा आहे. शेवाळ काथ्याने घासा. वासे टोकाला बघा. भिंतीत शिरतो तिथे आणि वळचणीला लाकूड आधी कुजते. वाळवी असेल तर तेवढा वासा बदला, बाकीच्यांना काजूच्या टरफलाचे तेल द्या. नळ्यांच्या जागी मंगळुरी घालणार असाल तर जुन्या रिपा चालणार नाहीत. कौलाच्या मापाने, साधारण फुटाफुटावर नव्या मारा. चौरस मीटरला सुमारे पंधरा कौले धरा. साठ मीटरच्या छपराला नऊशे लागतात, त्यांचे वजन दोन टनांच्या आसपास भरते. वाशांना ते पेलले पाहिजे. वळचणीच्या ओळी आणि कडा पक्क्या बांधा, कारण वारा तिथूनच बोट घालतो.

आणि वर चढण्याआधी खाली बघा. जागा कुणाच्या नावावर आहे? ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घर कसे लिहिले आहे, झोपडी की कौलारू? घरपट्टी कुणाच्या नावे फाटते? त्यात घरातल्या बाईचे नाव आहे का? कौलांची पावती, सुताराच्या मजुरीचा कागद, काम चालू असतानाचा फोटो, सगळे एका पिशवीत घाला. बापाकडे ती पिशवी नव्हती म्हणून तीन कलमे असून उपयोग झाला नाही. रमाई आवास योजनेचा अर्ज असो की वादळाचा पंचनामा, साहेब आधी कागद मागतो आणि छपराकडे नंतर बघतो.

जनगणनेच्या घरयादीत छपराचा एक रकाना असतो. गवत-बांबू, हाताचे कौल, यंत्राचे कौल, पत्रा, काँक्रीट. मोजणारा येतो, वर बघतो, खूण करतो आणि जातो. त्याच्या रकान्यात एवढेच मावते. हे कौल कधी चढले, त्यासाठी गिरणीत कुणाच्या किती पाळ्या गेल्या, आधीचे छप्पर कुणी पेटवले, जागेसाठी कोण कचेरीत हेलपाटे घालून मेले, हे त्या रकान्यात येत नाही. ते आपण लिहायचे. आपापल्या गावात, आपापल्या वाडीत, प्रत्येक घरावर पहिले कौल कुठल्या साली चढले हे म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवा. सांगणारी माणसे कमी होत चालली आहेत, आणि ही वही दुसरे कुणी आपल्यासाठी लिहिणार नाही.